वीस लंगोटांचा सैल ब्लाउज

८ जून १९८२, मंगळवार
पावणेसहाला उठले. कारखान्यात विणयंत्राच्या दोन भागांची ड्रॉइंगं पूर्ण केली. दुपारी पारा एकतीसवर. साडेचारला घरी. उकडलेले बटाटे आणि जवसाचं तेल घातलेला चक्का खाल्ला.

टपालात घरवाटप कचेरीचं पत्र होतं. तीन खोल्यांच्या घरात सध्या एकच व्यक्ती राहत असल्यामुळे घराचा फेरविचार करायचा आहे, २२ जुलैला समिती पाहणीला येईल. खाली कुणा पोल साहेबांची सही. मला देऊ केलेली जागाही कळवली आहे: रेल्वे यार्डामागे एक खोली, संडास अर्ध्या जिन्यावर.

लोथारला जाऊन येत्या १९ तारखेला सात महिने होतील. या घरात आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यानं माझ्या उंचीला ठोकल्या आहेत. तो स्वतः वाकून वापरायचा. मला इथून जायचं नाही. इथे लिहून ठेवते, कारण मोठ्यानं कुणाला सांगणं मला जमत नाही.

उकाडा फार आहे. काळा झगा नायलॉनचा, आणि एकटीनं जेवायला लागल्यापासून मी जाडही झाले आहे. नवऱ्याच्या दुखवट्याचं वर्ष संपायला अजून पाच महिने आहेत, तोवर काळंच.

११ जून, शुक्रवार
शेजारच्या टेबलावरची झिल्के आज सगळ्यांदेखत म्हणाली, "त्साइडलर बाई, तुम्ही त्या झग्यात शिजताय. उघडायचं तरी झाकण!"

तेवीस वर्षांची आहे, कारखान्याच्या होस्टेलवर चौघींत राहते, मनात येईल ते बोलते. मी सांगितलं की काळं सुती कापड तीन दुकानांत विचारलं. सप्टेंबरात येईल म्हणतात.

"कापड नसेल, पण लंगोट आहेत ना! मलमलीचे. बाळांना पुरून उरतात इतके आहेत. आमच्या होस्टेलवर सगळ्या पोरी त्याचेच ब्लाउज शिवतात आणि रंगवतात. कुठे उसवत नाही, कुठे टोचत नाही."

तिनं नमुन्यांचं मासिक आणून दिलं. सोमवारी परत हवं, कारण पुढे सात जणींचा नंबर आहे. मग ती एकदम उठून बाहेर गेली. ब्लूप्रिंटच्या यंत्राचा अमोनियाचा वास तिला हल्ली सोसत नाही. यंत्राची दुरुस्ती करायला हवी.

१२ जून, शनिवार
लहान मुलांच्या दुकानात गेले. लंगोट दहाच्या गठ्ठ्यातच मिळतात. विक्रेत्या बाईंनी आधी माझ्या काळ्या झग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गठ्ठ्याला नेहमीच्या सुतळीऐवजी निळी फीत बांधली. फीत छान आहे, उपयोगी पडेल.

मलमल शिवायच्या आधी उकळावी लागते, नाहीतर मागून आटते. दहाही उकळून अंगणातल्या दोरीवर वाळत घातले. तळमजल्यावरच्या क्रेच्मार बाई दोरीखालून दोनदा गेल्या. आमच्या इमारतीची नोंदवही त्यांच्याकडे असते. कुणाकडे पाहुणा राहिला तरी त्यात लिहावं लागतं. त्यांना मोजायची सवयच आहे.

१३ जून, रविवार
सगळा दिवस नमुना उतरवण्यात गेला. एकाच मोठ्या कागदावर चौदा कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात: कुठे तुटक, कुठे ठिपक्यांची, कुठे फुल्यांची. इतर बायका म्हणे यात रडकुंडीला येतात. मला चोवीस वर्षं असल्या रेषांचाच पगार मिळतो. दातेरी चाक फिरवून पुढचा भाग, पाठ आणि बाही खालच्या कागदावर उतरवली. अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा फरक नाही.

मलमल एकेरी आरपार दिसते म्हणून दुहेरी धरली. बरोबर रेषेवर कापली. बऱ्याच दिवसांनी चार तास दुसरं काही मनात आलं नाही.

१५ जून, मंगळवार
ब्लाउज माझ्या अंगात शिरत नाही.

झिल्केनं हातात घेतला आणि हसत सुटली. "बाई, माया? माया कुठेय?"

नमुन्यावर शिवणीची माया धरलेली नसते. रेषेबाहेर दीड सेंटिमीटर आपण सोडायचा असतो. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं छापलं होतं. आमच्या कामात रेषेच्या बाहेर काही ठेवलं तर तो भाग भंगारात जातो.

"तुम्ही रेषेवर इतकं प्रेम करता ना, तिथेच फसता," असं म्हणून तिनं तो स्वतःच घातला. तिला अगदी बेतल्यासारखा बसला. तिलाच देऊन टाकला. मासिक कालच परत गेलं, पण नमुना माझ्याकडे आहे. आता माया धरून दोन मापं मोठा बेतणार. सैल झाला तर होऊ दे.

१६ जून, बुधवार
आणखी दहा लंगोट आणले. विक्रेत्या बाई म्हणाल्या, "वीस म्हणजे बरोब्बर." मी विचारलं, तुम्हीही शिवता का? त्यांनी माझा हात दाबला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. या बाईंना मी नावानंही ओळखत नाही.

उकळून वाळत घातले. रिकामी बादली वर नेत होते तेवढ्यात क्रेच्मार बाईंनी ती हातातून काढून घेतली. "अहो त्साइडलर बाई, दोन जिने! असं काही उचलायचं नाही आता."

बादली रिकामी होती.

२० जून, रविवार
काल सात महिने झाले. लोथारच्या कबरीवर जाऊन तिथल्या झाडांना पाणी घालून आले.

दारात वाडगाभर स्ट्रॉबेऱ्या ठेवलेल्या. क्रेच्मार बाईंच्या बागेतल्या. या बाईंनी एकोणीस वर्षांत आम्हांला कशाचं पानही दिलेलं नाही. या आठवड्यात जिना धुण्याची पाळी माझी होती, तीही त्यांनी पहाटेच उरकली. विचारलं तर म्हणाल्या, "बाई, आम्हीही माणसंच आहोत. फक्त तुम्ही काही बोलत नाही हो!"

दुःखाबद्दल बोलत असाव्यात. मी म्हटलं, अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. मी पाहिलं तेव्हा हात ॲप्रनखाली घेतले.

माणसांबद्दल मी फार वाईट मत करून घेतलं होतं असं वाटतं.

२४ जून, गुरुवार
माझी नणंद वाल्ट्राउट आली, तीही न कळवता. अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी ती लोथारचं ॲकॉर्डियन घेऊन गेली होती, "भावाची आठवण" म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही. आज ते तिनं पाठीवरून आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"ते या घरातच राहू दे. ज्याचं त्याला."

मग कलेजीचं सॉसेज काढलं, मला जबरदस्तीनं खायला लावलं, आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिली.

"आल्मुट, एकच विचारते. नोव्हेंबरच्या आधीचंच ना हे सगळं?"

मी म्हटलं, "हो, आधीपासूनच त्याला त्रास होता. ऑक्टोबरात छातीत दुखायचं."

ती रडायला लागली. लोथार गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. "वेडे," म्हणाली, "त्याला कळलं असेल ना गं जाण्याआधी?" मी म्हटलं, डॉक्टरांना कळलं होतं, त्याला नव्हतं. ती आणखीच रडली. तिच्या आवडीचा चहा नेमका संपला होता, त्याचं वाईट वाटलं.

२ जुलै, शुक्रवार
ब्लाउज झाला. खांद्याला चुण्या, बाही कोपरापर्यंत, गळ्याला तिरकी पट्टी. आत वारा खेळतो. पोटाशी इतका सैल आहे की आत आणखी एक माणूस मावेल.

रंगाचं मात्र फसलं. काळा मिळाला नाही. झिल्के म्हणाली, निळा आणि तपकिरी मिसळून काळा होतो. मोठ्या पातेल्यात उकळलं. पिकल्या आलुबुखाराचा रंग आला. शिजताना तिला पुन्हा मळमळलं, खिडकीत जाऊन उभी राहिली. मुलीचं पोट नाजूक आहे. आंबवलेल्या काकड्यांची अख्खी बरणी मात्र संपवून गेली.

वर्ष झालेलं नसताना रंगीत घालून बाहेर पडायचं म्हणजे गावभर चर्चा. शेवटी घालून गेले. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं मला जागा दिली. त्याच्या हातात काठी होती. कँटीनच्या बाईंनी दुधाचा जादा पेला पुढे केला. रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वाटेत वाल्ट्राउट भेटली, तीही म्हणाली, "बरं केलंस. काळं लागतं म्हणतात." काय लागतं ते विचारायचं राहून गेलं.

झिल्केचा पांढरा ब्लाउज तिला पुढून ताणायला लागला आहे. आश्चर्य आहे, ती मलमल मी स्वतः वीस मिनिटं उकळली होती.

२२ जुलै, गुरुवार
समितीत पोल साहेब आणि वही धरलेल्या एक बाई. पोल साहेब बुटके, फार घाम येणारे. मी मनाशी चार वाक्यं पाठ केली होती. एकही बोलावं लागलं नाही, कारण क्रेच्मार बाई आपणहून वर आल्या.

"साहेब, या इमारतीत अकरा कुटुंबं. अकराही कुटुंबांचं एकमत आहे. या बाईंना इथून हलवायचं म्हणजे माणुसकी नाही."

पोल साहेबांनी माझ्या ब्लाउजकडे पाहिलं आणि लगेच छताकडे. मग छोट्या खोलीत डोकावले. लोथार तिथे हत्यारं ठेवायचा.

"ही खोली कोरडी आहे ना? ओल वगैरे?"

"कोरडी आहे," मी म्हटलं.

"ऊन सकाळचं?"

"सकाळचं."

"उत्तम," ते म्हणाले, आणि बाईंनी वहीत लिहिलं. जाताना जिन्यात पोल साहेब मला म्हणाले, उगाच उभ्या राहू नका, आत जाऊन बसा.

पाच मिनिटांत आटोपलं. लोथार नेहमी म्हणायचा, कचेरीत काम करून घ्यायचं तर ओरडावं लागतं. मी तर काहीच बोलले नाही.

३० जुलै, शुक्रवार
घर माझ्याकडे राहिलं!

पत्र तीनदा वाचलं. "राहणाऱ्या व्यक्ती: एक. अपेक्षित व्यक्ती: एक. तीन खोल्या कायम." दुसरी ओळ टायपिस्टची चूक असणार. दुरुस्त करायला सांगावं की गप्प बसावं? चुकीचा कागद पुढे कधीतरी नडतो. सोमवारी झिल्केला विचारीन.

२ ऑगस्ट, सोमवार
झिल्केला पत्र दाखवलं. तिनं वाचलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजारी आहे आणि मला सांगितलेलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हांला खरंच माहीत नाही? वीस लंगोट अंगणात वाळत घातलेत तुम्ही. वर हा तंबू घालून हिंडताय. कँटीनमध्ये पैजा लागल्यात, मुलगा की मुलगी. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम चालू दिलंय. घरासाठी. म्हटलं, काय डोकं आहे बाईंचं!"

अर्धी रजा टाकून घरी आले.

३ ऑगस्ट, मंगळवार
मी मूर्ख नाही अशी माझी समजूत होती. मागची सगळी पानं वाचली. बादली, दूध, म्हातारा, स्ट्रॉबेऱ्या. वाल्ट्राउटला मी जी उत्तरं दिली ती वाचवत नाहीत.

मला दोनदा दिवस राहिले होते, ६४ साली आणि ६७ साली. दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गेलं. तेव्हा कुणी स्ट्रॉबेऱ्या आणल्या नव्हत्या, कारण कुणाला सांगितलंच नव्हतं.

झिल्के म्हणते, "गप्प राहा. शिक्का बसलाय. शिक्का पुसायला त्यांना दोन वर्षं लागतात." हिशेबानं मूल येत्या पंधरा-वीस दिवसांत व्हायला हवं. नंतर काय सांगायचं? "नंतर सांगायचं की नाही राहिलं," असं ती म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी रागावले नाही. तिला काय माहीत.

ब्लाउज घालून आरशासमोर एका बाजूनं वळून उभी राहिले. थोडा वेळ.

७ ऑगस्ट, शनिवार
पाच दिवस गप्प राहिले. त्यातले दोन दिवस बरे वाटले, हे लपवत नाही.

दुपारी वाल्ट्राउट आली. विणलेले पिवळे मोजे, दोन जोड, आणि टोपरं. डोळे अधू आहेत तिचे, चष्म्यावर चष्मा लावून विणलं म्हणाली. "नाक लोथारचं चालेल, पण कान तुझे हवेत गं बाई. आमच्या घराण्याचे कान म्हणजे पातेल्याच्या कड्या." ती हसत होती. मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "वाल्ट्राउट, मूल नाहीये."

"नाही म्हणजे?"

"कधीच नव्हतं. ते लंगोट ब्लाउजसाठी होते. हा घातलाय तो."

तिनं ब्लाउजची कड हातात धरून उलटसुलट पाहिली. शिवणही तपासली.

"अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी त्या बेकरीवालीशी भांडले तुझ्यासाठी! महिने मोजत होती मेली. म्हटलं, माझ्या भावाचंच आहे!"

मग तिनं मोजे पिशवीत भरले, टोपरं भरलं. ॲकॉर्डियनही पाठीला लावलं. मी पट्टा धरून मदत केली. दारात थांबून म्हणाली, "ब्लाउज बरा शिवलायस. रंग मात्र शोभत नाही. वर्ष व्हायचंय अजून."

९ ऑगस्ट, सोमवार
सगळ्यांना कळलं. क्रेच्मार बाईंनी जिन्यात गाठलं. "पेन्सिलीनंच लिहिलं होतं म्हणून बरं. नाहीतर वहीत खाडाखोड झाली असती, ती माझ्या माथी. आणि बाई, माझा वाडगा."

वाडगा धुऊन दिला. जिन्याच्या पाळीचा तक्ता पाहिला: माझे सलग तीन आठवडे आहेत. कँटीनमध्ये पैजेचं काय करायचं यावर वाद चालू आहे. बसमध्ये उभी राहिले, त्यात काही गैर नाही, मी धडधाकट आहे.

लोक रागावलेत. मी त्यांना फसवलं असं त्यांना वाटतं. त्यांनी वीस लंगोटांतून एक मूल काढलं आणि ते मीच परत घेतलं.

१२ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी झिल्केला सांगितलं की मंगळवारी कचेरीत जाऊन सगळं सांगून टाकणार. ती पेन्सिल छिलत होती. छिलतच राहिली.

"मग घर जाईल."

"जाईल."

"आणि तुम्ही त्या यार्डामागच्या खोलीत."

"हो. तुझा ब्लाउज सैल करून देऊ का? मापात राहिला नाही तो. मलमल चांगली नव्हती."

"मलमल चांगलीच होती, बाई," ती म्हणाली. "मी वाढलेय. पाचवा लागलाय."

मग सगळं भराभरा सांगितलं. बाळाचा बाप जूनच्या सुरुवातीला गॅसच्या पाइपलाइनीच्या कामावर रशियात गेला, एक पत्र आलं, त्यात तिथल्या डासांबद्दल दोन पानं होती. होस्टेलवर बाळ चालत नाही. आई म्हणते, आमच्याकडे येऊ नको. सगळं गाव दोन महिने माझ्या पोटाकडे बघत होतं, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. "मला बरंच होतं ते," म्हणाली, "माफ करा."

मळमळ, काकड्या, ताणणारा ब्लाउज. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. गावाला नावं ठेवायला मला जागा उरलेली नाही.

मी म्हटलं, "छोट्या खोलीत सकाळचं ऊन येतं. ओल नाही." यापेक्षा जास्त मला बोलता आलं नाही. तिला पुरलं.

१७ ऑगस्ट, मंगळवार
दोघी कचेरीत गेलो. दीड तास बाकावर. पोल साहेबांनी मला पाहून खुर्ची पुढे ओढली.

"मूल नाही," मी उभ्यानंच सांगितलं.

"कुठलं मूल?"

"कागदावरचं."

त्यांनी फाइल काढली, घाम पुसला. "पण अकरा कुटुंबांचं एकमत आहे."

"एकमतानं चुकलेत."

"असं कसं... मग डॉक्टरांचा दाखला आणा, नसल्याचा."

"असल्याचा मागितला नव्हता तुम्ही."

"तेव्हा कुणाची हरकत नव्हती ना! हरकत आली की दाखला लागतो."

झिल्केनं आपलं बाळंतपणाचं कार्ड टेबलावर ठेवलं. "हा घ्या, असल्याचा. यांचा नाही, माझा. पण राहायला त्याच घरात जायचंय. बाईंची संमती आहे."

पोल साहेबांनी कार्ड वाचलं, पत्र वाचलं, पुन्हा कार्ड. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अपेक्षित व्यक्ती: एक. म्हणजे ही ओळ तशीच राहते!" त्यांनी फक्त वरच्या ओळीतल्या एकाचे दोन केले. शिक्का मारला. "बघा, कुठे चूक झालेलीच नव्हती," म्हणाले.

घर राहिलं. घरात माझ्या वाट्याला आता दीड खोली येते.

२० ऑगस्ट, शुक्रवार
झिल्के उद्या दुपारी सामान आणणार आहे. दोन सुटकेसा आणि एक रबराचं झाड. क्रेच्मार बाईंनी नोंदवहीत शाईनं लिहिलं. लिहिताना विचारत होत्या, "नक्की ना हो या वेळी?"

आज हत्यारं तळघरात नेली. मग बेडरूममधलं कपाट. तिला कपडे ठेवायला डावी बाजू द्यायची, तर लोथारचे शर्ट काढायला हवेत. नोव्हेंबरपासून त्या बाजूचं दार मी उघडलं नव्हतं. पाच वाजता उघडलं. एकेक काढून पलंगावर ठेवला, बटणं लावली, घड्या केल्या. निळ्या शर्टाच्या खिशात बसचं तिकीट होतं, ते तसंच आत राहू दिलं.

फळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या. वाळेपर्यंत दार उघडं ठेवलं आणि फडकं धुवायला गेले.